दिव्यावरची काळी फिल्म: ज्या कामाचं बिल लिहायला हात अडतो, ते काम घेऊ नका



दर वेळी मी तुम्हाला सांगतो की हा व्यवसाय करा, असा करा, एवढं भांडवल लागेल. आज एक काम करू नका असं सांगणार आहे. आणि त्याआधी एक कबुली द्यायची आहे. हे काम करा म्हणून सांगणारा मीच होतो.

कमी भांडवलात कार ॲक्सेसरीजचं दुकान कसं सुरू करायचं, यावर मी एक व्हिडिओ केला होता. सीट कव्हर, मॅट, म्युझिक सिस्टीम, सगळं त्यात होतं. त्यात दोन-अडीच मिनिटं मी दिव्यांवर लावायच्या रंगीत फिल्मवर बोललो. टेल लॅम्पवर काळी, जिला दुकानात 'स्मोक' म्हणतात ती. हेडलाईटवर पिवळी किंवा निळी. "रोल स्वस्त, हत्यारं थोडी, काम तासाभराचं, आणि तरुण गिऱ्हाईक स्वतःहून मागत येतं," असं मी म्हणालो होतो. यातलं काहीच खोटं नव्हतं. जे बोललो नाही, तिथे माझी चूक झाली.

तो भाग मी आता व्हिडिओतून काढून टाकला आहे. पण ज्यांनी तो ऐकून रोल विकत आणला, त्यांचं काय? म्हणून हे लिहितोय.

एका बिलाची गोष्ट

पावसाळ्यात एका मुलाचा फोन आला. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बसस्टँडच्या मागे छोटा गाळा. नाव सांगत नाही, त्यानेच नको म्हटलं. आवाज उतरलेला होता. म्हणाला, "सर, तुमचा व्हिडिओ बघून लाईटच्या फिल्मचं काम चालू केलं होतं. आज एक गिऱ्हाईक आलं आणि काउंटरवर माझंच बिल ठेवून गेलं."

गिऱ्हाईक म्हणजे गावातल्या शाळेतले गुरुजी. त्यांच्या मुलाने हौसेने गाडीच्या मागच्या दोन्ही दिव्यांवर स्मोक फिल्म लावून घेतली होती. पुढे एका संध्याकाळी पाऊस पडत असताना गुरुजी आईला दवाखान्यातून घेऊन परत येत होते. पुढे कुत्रं आडवं आलं, यांनी ब्रेक दाबला, आणि मागून टेम्पो येऊन धडकला. मागच्या सीटवर बसलेल्या आजींचं गळ्याजवळचं हाड मोडलं. टेम्पोवाला एकच वाक्य परत परत म्हणत होता, "ब्रेक लाईट दिसलाच नाही हो."

विम्याच्या सर्व्हेअरने फुटलेल्या दिव्याचे फोटो काढले. फुटलेल्या तुकड्यावर फिल्म तशीच चिकटलेली होती. त्याने विचारलं, हे कुठून लावून घेतलं? गुरुजींनी बिल दाखवलं. बिलावर दुकानाचं नाव, पोराची सही, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: 'टेल लॅम्प स्मोक फिल्म, २ नग'. क्लेम दोन महिने अडकून पडला.

गुरुजी भांडायला आले नव्हते. ते एवढंच म्हणाले, "बाळा, माझ्या पोराने मागितली, तू लावलीस. चूक दोघांची. पण कागद तुझ्या नावाचा आहे, तो तुझ्याकडे राहू दे."

आता मी न्यायाधीश नाही. धडक फिल्ममुळेच झाली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पाऊस होता, टेम्पोचा वेग असेल, टायर गुळगुळीत असतील. पण मित्रांनो, एका उद्योजकासाठी हा प्रश्न आयुष्यभर मागे लागू शकतो: आपण ती फिल्म लावली नसती तर? या प्रश्नाचं उत्तर त्या पोराकडे नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही.

मोह का होतो, तो हिशोब बघू

मोह पडणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. हिशोबच तसा आहे. खालचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

समजा रोल १,८०० रुपयांना आला आणि त्यात नऊ गाड्या झाल्या. म्हणजे गाडीमागे २०० रुपयांची फिल्म. ब्लेड, साबणाचं पाणी, हीट गनची वीज धरून आणखी ५०. गिऱ्हाईकाकडून घेतले ८००. हातात राहिले ५५०, तेही तासाभराच्या कामात. महिन्याला वीस गाड्या केल्या की ११,००० रुपये. त्या पोराच्या गाळ्याचं भाडं बरोबर एवढंच होतं. "सर, फिल्मवर भाडं निघायचं, बाकी सगळं माझं," असं तो म्हणाला.

बघा, नवीन दुकानाच्या मालकाला सगळ्यात जास्त भीती कशाची असते? भाड्याच्या तारखेची. जे काम ती भीती घालवतं, त्याच्याकडे आपण फार बारकाईने बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

फिल्म लावल्यावर दिव्याचं नेमकं होतं काय?

ही माहिती मी व्हिडिओत द्यायला हवी होती. आता नीट समजून घ्या, कारण गिऱ्हाईकाला समजवायलाही हीच उपयोगी पडेल.

फिल्मच्या खोक्यावर ५० टक्के, ३० टक्के असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढा उजेड आरपार जातो. ५० टक्क्यांची फिल्म लावली की ब्रेक लाईट अर्धा झाला. ३० टक्क्यांची लावली की तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी उरला. दुकानात उभं राहून बघितलं तर दिवा लागलेला दिसतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण दुकानात सावली असते आणि आपण चार फुटांवर असतो. भर दुपारच्या उन्हात किंवा पावसाच्या पडद्याआडून, वेगात येणाऱ्या माणसाला तो दिसायला हवा, आणि नुसता दिसून चालत नाही. मागचा साधा लाल दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा यांतला फरक त्याला एका क्षणात कळला पाहिजे. दोन्ही मंद झाले की तो फरकच पुसट होतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. टेल लॅम्पमध्ये, नाहीतर बंपरवर, एक लाल रिफ्लेक्टर असतो. त्याला बल्ब नाही, वायर नाही. मागच्या गाडीचा उजेड त्याच्यावर पडतो आणि तो परत पाठवतो. तुमची गाडी रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडली, बॅटरी उतरली, तर मागच्याला सावध करणारा तेवढाच एक रखवालदार असतो. आता त्याच्यावर फिल्म लावली की काय होतं? उजेड आत जाताना एकदा गाळला जातो आणि बाहेर येताना परत एकदा. ५० टक्क्यांच्या फिल्ममध्ये अर्ध्याचं अर्धं, म्हणजे २५ टक्के उरतो. ३० टक्क्यांच्या फिल्ममध्ये फक्त ९ टक्के. म्हणजे रिफ्लेक्टर जवळजवळ मेलाच.

विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा. भंगारवाल्याकडून एकाच मॉडेलचे दोन टेल लॅम्प आणा. एकावर फिल्म लावा. रात्री मोकळ्या मैदानात दोन्ही शेजारी ठेवा, पन्नास-साठ पावलं लांब जा आणि टॉर्च डोळ्याजवळ धरून उजेड टाका. मी हे केलं. एक दिवा जळत्या विडीसारखा लाल चमकला. दुसरा मला शोधावा लागला.

वेगाचाही हिशोब करा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे येते. मागच्याला ब्रेक लाईट ओळखायला अर्धा सेकंद जास्त लागला तर ११ मीटर गेले. जवळपास तीन गाड्यांची लांबी. एवढ्या अंतरात धडक होते किंवा टळते.

पिवळ्या फिल्मबद्दल

"सर, पिवळी तर धुक्यासाठी चांगली ना?" हा प्रश्न मला नेहमी येतो, विशेषतः महाबळेश्वर, आंबोली या भागातून. फॉग लॅम्प धुक्यात उपयोगी पडतो तो मुख्यतः त्याच्या जागेमुळे आणि झोतामुळे. तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, त्यामुळे उजेड धुक्यावर आपटून डोळ्यात परत कमी येतो. हेडलाईट जिथे आहे तिथेच राहिला, झोत तोच राहिला, आणि त्याच्यावर पिवळी फिल्म लावली तर काय होणार? त्या उजेडातला काही भाग फिल्म खाऊन टाकणार. घाटात उजेड आधीच कमी पडतो, तिथे आपण पैसे देऊन आणखी कमी करतोय. निळ्या फिल्मचं तर बोलायलाच नको, ती उजेडाचा बराच मोठा भाग अडवते.

कायदा काय म्हणतो?

"फिल्म लावू नका असं कुठे लिहिलंय?" असा वाद बरेच जण घालतात. तसा शब्द शोधत बसू नका. दिवा काय काम करतो, ते कायदा बघतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ दिव्यांबद्दल आहे. पुढच्या दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरवरची माणसं आणि गाड्या स्पष्ट दिसायला हव्यात, आणि गाडीचा मागचा दिवा लाल आणि १५५ मीटरवरून दिसणारा हवा. १५५ मीटर म्हणजे आपली साधारण दोनशे पावलं. फिल्म लावून झाल्यावर दोनशे पावलं चालत जाऊन, भर दुपारी मागे वळून बघणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधन आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे तुम्ही ८०० रुपये घेऊन गिऱ्हाईकाच्या गळ्यात ५,००० ची जोखीम बांधता. टुरिस्ट गाडीवाला असेल तर पासिंगच्या वेळी त्याला ती फिल्म काढावीच लागते. तेव्हा तो कोणाकडे येणार? तुमच्याकडेच. आणि काढायचे पैसे देणार नाही, वर दिव्यावर डिंक राहिला म्हणून भांडण वेगळंच.

ज्यांचं वय थोडं जास्त आहे त्यांना २०१२ आठवत असेल. त्या वर्षी २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मबद्दल निकाल दिला, आणि चौकाचौकात पोलीस काचांवरून फिल्म ओरबाडून काढू लागले. काचेच्या नियमांत पुढे बदल झाले, त्यावर कोर्टात वादही झाले, तो वेगळा विषय आहे. आपल्यासाठी धडा एवढाच की ज्या दुकानदाराचं सगळं भाडं एकाच फिल्मवर निघत होतं, त्याला एका निकालाने नवीन धंदा शोधायला लावला. ज्याच्या उत्पन्नाचा खांब नियमांच्या काठावर उभा आहे, त्याने रात्री शांत झोपायची अपेक्षा ठेवू नये.

"मी नाही केलं तर शेजारचा करेल"

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं आहे. खरं आहे, करेल. त्याला करू दे.

रागावू नका, नीट ऐका. जे गिऱ्हाईक फक्त ८०० रुपयांच्या स्मोक फिल्मसाठी येतं, ते उद्या ७०० वाल्याकडे जातं. त्याचं तुमच्याशी नातं नाही, भावाशी नातं आहे. असं गिऱ्हाईक गेलं तर तुमचं फार काही जात नाही. याउलट गुरुजींसारखं घर एकदा तुटलं की त्यांचे शेजारी, शाळेतले बाकीचे शिक्षक, भाऊबंद, सगळे तुटतात. तालुक्याच्या गावात माणसं जाहिरात बघून दुकानात येत नाहीत, कोणीतरी सांगितलं म्हणून येतात. आणि 'तिथे नको जाऊ' हेही कोणीतरीच सांगतं.

दुसरा युक्तिवाद असा की, "गिऱ्हाईक सज्ञान आहे, त्याने मागितलं, मी दिलं." गिऱ्हाईक स्वतःच्या सीटचा रंग निवडतं तेव्हा हे ठीक आहे. पण टेल लॅम्प त्याच्या स्वतःसाठी नसतो. गाडी चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा कधी दिसतच नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. मोटरसायकलवरून बायको-पोरांना घेऊन येणाऱ्या त्या माणसाने काही मागितलेलं नाही, आणि त्याला विचारायला कोणी गेलेलंही नाही.

मग भाडं कसं निघणार?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय उपदेश करायचा मला हक्क नाही. त्या पोरालाही मी हेच म्हणालो: "तू शिकलास ते वाया जाणार नाही. फिल्म सरळ बसवायला, बुडबुडा काढायला, कडेला ब्लेड फिरवायला जो हात लागतो, तो तुझ्याकडे आहे. हात तोच ठेव, माल बदल."

पहिलं काम: पिवळ्या पडलेल्या हेडलाईटची दुरुस्ती.

हल्लीच्या गाड्यांच्या हेडलाईटवर काच नसते, पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. कंपनीतून येताना त्याच्यावर संरक्षक थर असतो. आपल्याकडच्या उन्हात काही वर्षांत तो थर मरतो आणि दिवा पिवळा, धुरकट होतो. रात्री गाडीवाला म्हणतो, "बल्ब कमजोर झालाय," आणि बल्ब बदलत बसतो. खरं तर दिव्यावरच मोतीबिंदू आलेला असतो.

काम असं करायचं. आधी बघा की पिवळेपणा बाहेरून आहे की आतून. आत पाणी शिरलं असेल किंवा आतूनच धुरकट असेल तर काम घेऊ नका, गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. बाहेरून असेल तर आजूबाजूच्या रंगाला मास्किंग टेप लावा. मग पाणी मारत वॉटर पेपर: ८०० नंबर, मग १५००, मग २०००, शेवटी ३०००. एकही पायरी गाळायची नाही, गाळली तर ओरखडे उन्हात दिसतात. मग कंपाउंड लावून पॉलिश. आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट. हा शेवटचा थर म्हणजे सगळ्या कामाचा जीव आहे. कारण घासताना तुम्ही उरलासुरला जुना थरही काढून टाकलेला असतो. कोट न लावता दिलात तर काही महिन्यांत दिवा परत पिवळा पडतो आणि तुमचं नाव खराब होतं. टूथपेस्टने दिवे चमकवणारे जे व्हिडिओ फिरतात, त्यात नेमका हा थरच नसतो.

कोटाच्या जागी किंवा कोटावर पारदर्शक पीपीएफ लावता येते. ती खड्यांपासून आणि ओरखड्यांपासून दिवा वाचवते. मात्र ती दिव्यासाठी बनवलेली, पूर्ण पारदर्शक हवी. यातही 'लाईट स्मोक' नावाने रंगीत माल मिळतो, तो दुकानात आणूच नका. आणला की कोणीतरी मागतोच.

हिशोब? समजा जोडीचे १,२०० घेतले, माल २०० चा लागला, १,००० उरले. वेळ दोन तास. ११ गाड्या केल्या की भाडं निघालं. फिल्मला २० लागत होत्या. शिवाय काम झाल्यावर एक दिवा घासलेला, एक न घासलेला असा फोटो काढा. यासारखी जाहिरात नाही.

दुसरं काम: रिफ्लेक्टर टेप.

आता जरा रस्त्यावर बघा. एका बाजूला लोक पैसे देऊन चांगला दिवा झाकतात. दुसऱ्या बाजूला ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर येतात, आणि कित्येकांना मागे दिवाच नसतो. सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, कुठेही जा. उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळल्याच्या बातम्या दर हंगामात आपण वाचतो. कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा घेतात, पण ट्रॉल्या हजारो असतात आणि हात कमी.

इथे तुमचा हात कामाला येतो. गंज तारेच्या ब्रशने काढा, तेलकटपणा पुसून जागा कोरडी करा, टेप रोलरने दाबून बसवा. चिखलावर चिकटवलेली टेप आठ दिवसांत लोंबते. पत्रा फारच वाकडातिकडा असेल तर रिफ्लेक्टरची पट्टी रिव्हेट मारून बसवा. पुढे पांढरी, मागे लाल, यात गल्लत नको. ट्रकसाठी एआयएस-०९० प्रमाणाची खूण असलेलीच टेप घ्या, ती पासिंगला चालते. आणि एक बारकावा: ऊस ट्रॉलीच्या मागे बाहेर लोंबतो आणि बसवलेली टेप झाकून टाकतो. म्हणून मोळीच्या टोकाला बांधायचा कापडी रिफ्लेक्टरही सोबत विका. ट्रॉलीवाल्याला तो पन्नास खेपा वापरता येतो.

गिऱ्हाईक शोधायला दुकानात बसून राहू नका. वाहतूक कंत्राटदार, मुकादम, ट्रॅक्टर-ट्रॉली बनवणारे वेल्डिंगवाले यांच्याकडे हंगामाच्या एक महिना आधी जा. एका मुकादमाकडून वीस ट्रॉल्यांचं काम मिळतं.

नाही म्हणायचं कसं?

नाही म्हणणं ही विक्रीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. लेक्चर दिलंत की पोरगं उठून जातं. म्हणून हे असं बोला:

"दादा, टेल लॅम्पला स्मोक पाहिजे."
"बसा ना. ते काम मी बंद केलंय."
"का? सगळे लावतात की."
"हे बघा." आणि काउंटरखालून ते दोन भंगारातले दिवे काढायचे. दुकानातला लाईट बंद करून लांबून टॉर्च मारायचा. एक चमकतो, एक चमकत नाही. तुम्ही काहीच बोलायचं नाही.
मग म्हणायचं, "गाडीला लुकच पाहिजे ना? मग ग्रील काळं करू, आरसे काळे करू, बॅज काळा करू. दिव्याला हात नको. आणि तुमचे हेडलाईट पिवळे पडलेत, ते आधी चमकवून देतो, गाडी नवी वाटेल."

दहातली काही पोरं तरीही निघून जातील. जाऊ द्या. उरलेली तुमची कायमची झाली. ग्रीलवर आणि आरशाच्या कव्हरवर काळी व्हिनाईल लावायला तोच हात, तीच हीट गन लागते, आणि त्याने मागून येणाऱ्या कोणाचा जीव टांगणीला लागत नाही.

शेवटी त्या पोराचं

त्याने जे केलं, ते मी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे वही होती, प्रत्येक गिऱ्हाईकाचा मोबाईल नंबर त्यात लिहिलेला. वहीत फिल्मची ४१ नावं निघाली. त्याने एकेकाला फोन केला. "दादा, मी लावलेली फिल्म फुकट काढून देतो, कधी येताय?" काही हसले. एकाने शिव्या घातल्या. २६ जण आले. वीस-बावीस दिवस तो संध्याकाळी सहानंतर हेच करत बसला, हीट गनने गरम करून फिल्म सोलायची आणि डिंक पुसायचा. त्या महिन्याचं भाडं त्याने बायकोकडून उसनं घेतलं. ती शिवणकाम करते.

त्या २६ पैकी काहींनी जाताना हेडलाईट करून घेतले. किती, हे मी विचारलं नाही, कारण या गोष्टीचा शेवट 'आणि मग तो श्रीमंत झाला' असा नाही. दुकान चालू आहे, भाडं निघतं. गुरुजी अजून त्या दुकानात आलेले नाहीत. पण त्यांचं ते बिल पोराने काउंटरच्या काचेखाली ठेवलंय, स्वतःला दिसेल असं.

मित्रांनो, यातून मी जी एक कसोटी घेतली ती तुम्हाला देतो. कुठलंही नवीन काम सुरू करण्याआधी त्याचं बिल लिहून बघा. दुकानाचं नाव, कामाचं नाव, तारीख, सही. मग विचार करा की हा कागद उद्या आरटीओसमोर, विम्याच्या माणसासमोर किंवा एखाद्या आजीच्या खाटेशेजारी उघडला गेला, तर मी मान वर करून सांगू शकेन का, की होय, हे काम माझं आहे? हात अडला तर ते काम सोडा. भाडं दुसऱ्या कामातून काढू, त्यासाठी डोकं चालवायला मी तुमच्यासोबत आहे.

आणि ज्यांनी माझं ऐकून रोल आणून ठेवलाय, त्यांना मनापासून सॉरी. तो दिव्यांना लावू नका. अर्धा मीटर कापून दोन जुन्या दिव्यांची ती जोडी बनवा आणि काउंटरखाली ठेवा. बाकीच्या रोलवर, भंगारातल्या दिव्यांवर, ब्लेडचा हात बसवा. शिकायला तो माल उत्तम आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत आज संध्याकाळी एक काम करा. स्वतःच्या गाडीमागे दोनशे पावलं चालत जा, घरातल्या कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा आणि मागे वळून बघा.